दामाजीपंतांचे कोठार आणि आमचा आळशी माणूस



या मासिकात अभंगांचे चिंतन येते, ग्रंथांचे परीक्षण येते. मी आज एका दृष्टांताचे परीक्षण करणार आहे. दृष्टांत माझ्याच झोळीतला आहे. तीस-पस्तीस वर्षे मी तो गावोगाव सांगितला. त्यामुळे जो दोष काढीन तो आधी माझ्या पदरात पडेल, हे धरून चाला.

गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. एका गावात एक आळशी माणूस होता. इतका आळशी की गावकऱ्यांनी कंटाळून ठरवले, याला जिवंतपणीच मसणात नेऊ. तिरडी बांधली. हा मुकाट्याने तिच्यावर आडवा झाला. वाटेत एक दयाळू सावकार भेटला. म्हणाला, ‘थांबा, जिवंत माणसाला जाळू नका. मी याला पोतेभर तांदूळ देतो.’ तिरडीवरून आवाज आला, ‘तांदूळ शिजवलेले आहेत का?’ सावकार म्हणाला, ‘नाही बाबा, तेवढे तुला शिजवून घ्यावे लागतील.’ त्यावर हा खांदेकऱ्यांना म्हणतो, ‘चला रे पुढे!’

मंडप हसतो. टाळकरीही हसतात, मृदंगावर एक थाप पडते. आणि हशा ओसरायच्या आत कीर्तनकार म्हणतो, ‘आता तर काय, सरकारच फुकट तांदूळ देते. गावागावात तिरड्या तयार आहेत!’ पुन्हा हशा. पुढच्या रांगेतले शेतकरी माना डोलावतात, कारण निंदणीला मजूर मिळत नाही हे त्यांचे रोजचे दुखणे असते.

हे शेपूट मीच जोडले होते असे नाही, पण मी ते सोडलेही नव्हते. परवा आमच्या दोंडाईच्याला सप्ताहात एका तरुण महाराजांनी हाच दृष्टांत सांगितला. आता गळा साथ देत नाही, म्हणून मी खाली श्रोत्यांत बसून ऐकतो. वरून सांगताना जे दिसत नाही ते खाली बसल्यावर दिसते. माझ्या डाव्या हाताला बायकांची बाजू होती. पुरुष हसले, बायकांपैकी निम्म्या हसल्या नाहीत. त्या फुकट तांदूळ आणणाऱ्याच होत्या.

आणि मला बरीच वर्षे मागची एक गोष्ट आठवली. याच गावात माझे कीर्तन झाले, पंगत उठली आणि एक माय पाया पडायला आली. आमच्या गावात मिरचीचा मोठा बाजार. हंगामात लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि बाया दिवसभर बसून देठ तोडतात. ती त्यांतली. हात तिने पदराखाली धरले होते, कारण मिरचीने भाजलेल्या हातांना वारा लागला तरी आग होते. ती वर बघून म्हणाली, ‘महाराज, तो आयशी मानूस कोठे ऱ्हास? माले दखाडा ना.’ तो आळशी माणूस कुठे राहतो, मला दाखवा.

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच पाहायचे होते. तिच्या गल्लीत असा कोणी नव्हता. मी हसून म्हटले, ‘माय, तो दृष्टांत आहे.’ ती ‘बरं’ म्हणून गेली. उत्तर झाले असे मी मानले. ते उत्तर नव्हते, हे कळायला पुढे फार वेळ लागला.

आता परीक्षणाकडे येतो. आपल्या गुरुजनांनी शिकवले आहे की दृष्टांत सिद्धांताच्या पोटी असावा. मग हा दृष्टांत मुळात कोणत्या सिद्धांतासाठी आहे? तो नामाचा आहे. देवाचे नाम फुकट आहे, दारात आणून ठेवलेले आहे, फक्त तोंड उघडून घ्यायचे, आणि एवढेही आपल्याच्याने होत नाही. तिरडीवर झोपलेला माणूस म्हणजे ऐकणाऱ्याचे मन. त्याहून आधी सांगणाऱ्याचे. संतांचे अभंग उघडून बघा, दोष काढायचा तर ते स्वतःचा काढतात. पतित मी, अपराधी मी, कोरडा मी. दुसऱ्यावर ते शब्द ओढतात तेव्हा तो दुसरा बहुतेक वेळा दांभिक गुरू असतो, भोंदू असतो, भुकेला नसतो. आम्ही काय केले? तिरडीवरून स्वतःला उतरवले आणि शेजारच्या रेशनकार्डवाल्याला झोपवले. पहिल्या पुरुषातला दोष तिसऱ्या पुरुषात गेला. व्याकरण एवढेच बदलले, पण सिद्धांत मेला.

तुम्ही म्हणाल, एका विनोदाचे एवढे काय? एवढे यासाठी की राज्य चालवणारेही याच मंडपातून उठून जातात. माणूस मुळात कसा आहे याविषयी ज्याची जी समजूत, तसा तो कायदा करतो, तसा अर्ज छापतो, तशी खिडकी बांधतो. माणूस लबाड आहे असे मनात धरले की खिडकी लहान होते.

याचा पुरावा आपल्याच एका चरित्रात आहे. दामाजीपंतांच्या.

आपल्या वारकरी कीर्तनात नारदीयांसारखा उत्तररंग नसतो, तरी दामाजीपंत आपण सोडत नाही. महिपतीबुवांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ते चरित्र आहे, आणि पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आले आहे. पंत मंगळवेढ्याचे, बेदरच्या बादशहाचे चाकर, सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडतो. आम्ही काय करतो, तर दुष्काळ दोन मिनिटांत उरकतो, कोठारे उघडतो, आणि लगेच बेदरच्या दरबारात पोचतो. देव विठू महार होऊन येतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मोहरांचा ढीग पडतो, बादशहा चकित होतो. तिथे आम्ही तासभर रमतो. लोक रडतात, हसतात, आणि ते खरेच आहे, तो प्रसंगच तसा आहे. ज्याच्या शब्दावर त्या दरबारात कोणी विश्वास ठेवला नसता, त्याच्या वेषात देव हिशेब चुकता करायला जातो, याहून मोठे ते काय सांगणार?

पण मी आता म्हणतो, आपण चुकीच्या जागी तास घालवला. मंगळवेढ्यातली दोन मिनिटे पुन्हा बघा. पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांच्या घरी येतो. पानावर बसतो आणि घास उचलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते. घरी मुलेबाळे उपाशी, आणि मी इथे जेवतो. पंत त्याच्या घरासाठी धान्य रवाना करतात. ते धान्य पंढरीत पोचते आणि तिथली भुकेली माणसे ते लुटतात.

इथे थांबा. आपण इथे कधी थांबत नाही. धान्य लुटले गेले आहे. ज्याला दिले त्याला मिळाले नाही, ज्यांनी मागितले नव्हते त्यांनी हिसकावले. ही बातमी मंगळवेढ्याला आली तेव्हा पंतांच्या जागी दुसरा कामगार असता तर काय म्हणाला असता? म्हणाला असता, ‘पाहिलेत? ही माणसे लुटारू आहेत. यांना देऊन उपयोग नाही. कोठाराला दुसरे कुलूप लावा, दारावर शिपाई वाढवा आणि यापुढे ओळख पटवून, सही घेऊन, मापून द्या.’ यात खोटे काही नाही. लूट झालीच होती. पंतांनी तीच बातमी ऐकली आणि तिच्यातून एवढेच वाचले की माणसे लुटण्याइतकी भुकेली आहेत. म्हणून कोठार सगळ्यांना उघडले.

घटना एक, वाचणारे दोन. लुटीत लुटारू वाचायचा की भूक वाचायची, हे लुटीत लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याच्या मनात आधीच लिहिलेले असते. माझ्या मते दामाजीपंतांच्या चरित्रातला खरा चमत्कार हा आहे, आणि तो बेदरच्या चमत्काराच्या आधी घडतो.

यावर आपल्यातले विद्वान एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगताना देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. अपात्री दान तामस म्हटले आहे. माउलींनीही त्यावर भाष्य केले आहे. मग पात्रता पाहणारे सरकार काय चुकीचे करते? मीही कीर्तनात हा अध्याय पुष्कळ वेळा या कामी वापरला. पण शास्त्रकारांनीच अन्नाच्या बाबतीत वेगळे सांगून ठेवले आहे, की अन्नदानाला भुकेला हेच पात्र. गाय, भूमी, सोने देताना विद्या पाहा, आचार पाहा. अन्नाला पोट पाहा. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आपण लहान मुलांनाही सांगतो. त्या कुत्र्याची पात्रता काय होती? चोरीच तर केली होती. शिवाय माउलींनी पसायदानात खळांसाठी काय मागितले ते आठवा. त्यांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. वाकडेपणा हा स्वभावाला चिकटलेला मळ आहे, स्वभाव नव्हे, असे मानणाराच असे मागणे मागू शकतो.

कोठाराच्या किल्ल्या पुढे अनेक हातांतून गेल्या आणि इंग्रजांकडे आल्या. त्यांच्यातल्या एका साहेबाची गोष्ट सांगतो. सर रिचर्ड टेंपल याचे नाव. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला, आणि माणसे फार थोडी मेली. शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती बोलणी, की एवढा पैसा उधळलास, लोकांना फुकटाची सवय लावलीस. तीन वर्षांनी, १८७७ च्या सुरुवातीस, तोच टेंपल मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या दुष्काळावर आला, आणि या वेळी त्याने उलटे केले. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला रोजचे एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोलाही कमी, आणि वर एक आणा. कामाची जागा गावापासून मुद्दाम दूर, दहा मैलांच्या पलीकडे. का? तर खरा गरजू असेल तोच एवढे चालेल, एवढ्यावर राबेल, लबाड असेल तो घरी बसेल. काम ही मदत नव्हती, ती चाळणी होती. आपल्या दख्खनेतल्या हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. ज्याला चालण्याचे बळ उरले नव्हते तो चाळणीतून खाली पडला. तोच सर्वांत गरजू होता.

साहेब तोच, तीन वर्षांत भूक बदललेली नव्हती. भुकेल्याविषयीची समजूत बदलली होती, तीही वरिष्ठांच्या बोलण्याने. आमचा आळशी माणूस तेव्हा साहेबाच्या टेबलावर बसला होता, इतकेच.

आता दुसरी खडी. ही मी स्वतः फोडली आहे.

१९७२ साली पाऊस गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आमच्या शिंदखेडा तालुक्यात विहिरी आटल्या, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली. म्हातारी माणसे छपन्नच्या दुष्काळाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, गोष्टी काढू लागली. मी एका पाझर तलावाच्या कामावर गेलो. टिकाव, फावडे, घमेले. रेशनवर लाल मिलो मिळायचा, भाकरी थापताना फाटायची. कामावर सुकडी वाटत, ती कोरडीच तोंडात टाकायची आणि वर पाणी प्यायचे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पगार वेळेवर होत नसे, माप घेताना मुकादम हात आखडत असे, हे सगळे होते. तरी त्या दुष्काळात माझ्या गल्लीतले कोणी भुकेने मेले नाही.

आणि मी हे पुढे कधीही कीर्तनात सांगितले नाही. डोक्यावर फेटा आला, लोक पाया पडू लागले, आणि मला दुष्काळी कामावर गेलो होतो हे सांगायची लाज वाटू लागली. वरून मी आळशी माणसाचा दृष्टांत सांगत होतो आणि खाली बसलेल्यांत माझ्याबरोबर घमेली वाहिलेली माणसे असत. त्यांनी मला कधी टोकले नाही. माझी लाज त्यांनी सांभाळली. त्यांची मी सांभाळली नाही.

त्या दुष्काळाच्या आधीच एका माणसाच्या डोक्यात एक विचार चालला होता. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. त्यांच्याच भागात, विसापूरला, त्यांनी आधी तो करून पाहिला होता. विचार असा की दुष्काळ असो नसो, खेड्यातला जो कोणी प्रौढ माणूस म्हणेल की मला काम द्या, त्याला ते देण्याला सरकार बांधील असावे. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये आली, १९७७ मध्ये तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिले तर भत्ता. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर राज्याने घालायची ठरले. पुढे २००५ साली दिल्लीने देशभरासाठी कायदा केला तो याच वाटेने.

वरवर पाहिले तर टेंपलची खडी आणि पागेसाहेबांची खडी एकच. दोन्हीकडे घाम गाळल्याशिवाय पैसा नाही. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, रोजगार हमी म्हणजे इंग्रजांचाच दुष्काळी कायदा, नाव नवे. मी दोन्ही खड्या शेजारी ठेवून बघतो तेव्हा मला फरक दिसतो. साहेबाने कामाची अट घातली, कारण त्याला मागणाऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता. रोजगार हमीने काम हा हक्क केला आणि मागणाऱ्याचा शब्द प्रमाण धरला. तुझी जमीन किती, जात कोणती, कार्ड कोणत्या रंगाचे, हे विचारायचे नाही. काम पाहिजे म्हणतोस ना, मग पाहिजे असणार. तिथे काम दहा मैलांच्या पलीकडे मुद्दाम नेले, इथे जवळपास द्यावे असे ठरवले. तिथे चुकला तर मजूर दोषी, इथे १५ दिवस उलटले तर सरकार दोषी. शंका कोणावर घ्यायची, ती बाजू फिरवली. बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या, त्याचेही कारण मला हेच वाटते. घरात कोणाची परवानगी, बाहेर कोणाचा दाखला, यांतले काही लागत नव्हते.

ही योजना निर्दोष होती असे म्हणणारा माणूस कामावर गेलेला नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली. तलाव कागदावर भरले. पण खोटी नावे चढवली कोणी, हा प्रश्न आमच्या दृष्टांतात कधी येत नाही. घमेले वाहणाऱ्याच्या हातात पेन नव्हते. लबाडी झाली ती पेनाच्या बाजूने जास्त झाली आणि बदनामी घमेल्याच्या बाजूची झाली.

आणखी एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. काम मागणाऱ्याचा शब्द प्रमाण धरला, पण ज्याच्याने काम होत नाही त्याचे काय? आंधळा, पांगळा, एकटी म्हातारी? त्यांच्यासाठी दुसरी खिडकी आहे, आणि तिथे पाहिले की पुन्हा जुना साहेब भेटतो. २०२४ साली संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळायचे तर निराधार बाईला कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणावा लागत असे. हिशेब करा, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, तेही सगळ्या घराचे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिचेही महिना १५०० रुपयेच. तिथे मर्यादा अडीच लाखांची, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तर उत्पन्नाचा दाखलाही नको होता. बहिणींना मिळाले याचा मला आनंद आहे. माझ्या घरातही आले आहेत. पण बघा, रक्कम एकच होती. जी धडधाकट आहे, जिच्या मागे मतदान करणारे घर आहे, तिच्यावर अडीच लाखांपर्यंत विश्वास. जी निराधार आहे तिच्यावर एकवीस हजारांपर्यंतच. जो जितका खाली, त्याच्यावर तितका संशय जास्त. राजकारण हा या मासिकाचा विषय नाही, म्हणून कोणत्या पक्षाने काय केले यात मी जात नाही. हा संशय सगळ्या पक्षांनी सांभाळलेला आहे.

लाडक्या बहिणीचे पैसे पुरुषांच्या नावावरही गेल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. होय, झाले. माणूस लबाडी करतच नाही असे मी कुठे म्हणतो? आपल्या वारीत खिसेकापू येत नाहीत का? येतात, गळ्यात माळ घालून येतात. त्यासाठी पोलीस असतात, आपणही कमरेची पिशवी घट्ट बांधतो. पण खिसेकापू येतात म्हणून कोणत्या गावाने दिंडीची पंगत बंद केली? आपल्या खानदेशातून मुक्ताईंची पालखी महिनाभर चालत पंढरीला जाते. वाटेतली गावे वाढायला उभी असतात. पानावर बसलेल्याला कोणी विचारत नाही, तुझी वारी कितवी, माळ कोणाकडून घेतली. त्यांतले काही नुसते जेवायला येतात हे वाढणाऱ्यांना ठाऊक असते. तरी वाढतात. एका लबाडाला वगळण्यासाठी दहा भुकेल्यांना उठवायचे की दहांना जेवू घालताना एक लबाड जेवला तर जेवू द्यायचा, याचा निवाडा आपल्या पंगतीने कधीच केलेला आहे. सरकारने केला नाही आणि आम्ही कीर्तनकारांनी सरकारची बाजू घेतली.

गाडगेबाबांची आठवण इथे काढावीच लागेल, कारण आमच्या बाजूचे लोक त्यांचेच नाव घेतात. बाबा गाव झाडल्याशिवाय भाकरी घेत नसत, फुकट खात नसत. अगदी खरे. पण तो नियम त्यांनी कोणाला लावला होता? स्वतःला. पंढरपूरला, नाशिकला त्यांनी धर्मशाळा बांधवल्या, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले, तेव्हा आधी झाडू दाखवा असे म्हटले नाही. स्वतःसाठी टेंपलची चाळणी, दुसऱ्यासाठी दामाजीपंतांचे कोठार. आम्ही नेमके उलट करतो, आणि वर बाबांचे नाव घेतो.

ती मिरचीवाली माय अजून आहे. आता देठ तोडायला जात नाही. गेल्या वर्षी मी रेशनच्या रांगेत तिच्या मागे उभा होतो. मशिनवर अंगठा लावायचा असतो. तिचा अंगठा उमटेना. पुसून लावला, ओला करून लावला, दुसरे बोट लावले. मशीन पुन्हा पुन्हा नाकारत होते. इतक्या वर्षांत मिरचीने आणि भांड्यांनी बोटांवर रेघ ठेवली नव्हती. दुकानदार तसा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ‘आजी, उद्या या, कधी कधी सकाळी उमटतो.’ रांगेतले कोणीतरी हसले. त्या हसण्यात मला माझा मंडप ऐकू आला. ती ज्या कामाने कधी आळशी ठरू शकली नसती, त्याच कामाने ती मशिनीपुढे खोटी ठरत होती.

उद्या ती आली, आणि उमटला. पण उमटला नसता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्या तरुण महाराजांना मी सप्ताहानंतर गाठले. मुलगा अभ्यासू आहे, आळंदीला राहून शिकलेला. मी त्याला हे सगळे सांगितले, माझ्या पाझर तलावासकट. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, ‘महाराज, तुमचे पटते. पण तिथे लोक हसतात. हसले की पुढचा सिद्धांत ऐकतात. तो दृष्टांत काढला तर तिथे काय घालू?’ प्रश्न रास्त आहे. कीर्तन म्हणजे नुसते शास्त्र नव्हे, मंडप धरून ठेवावा लागतो, हे मला सांगायला नको. मी म्हटले, काढू नकोस. फक्त तिरडीवर त्या माणसाच्या जागी स्वतःला झोपव. ‘एका गावात एक कीर्तनकार होता’ अशी सुरुवात कर. तांदळाच्या जागी नाम ठेव. आणि सरकारचे शेपूट तोड.

त्याने हसून बघू म्हटले. जमेल का नाही, मलाही सांगता येत नाही. स्वतःला तिरडीवर घालून हशा मिळवणे अवघड असते, मी तरुणपणी ते कधी करून पाहिले नाही. दामाजीपंतांविषयीही मी त्याला एक विनंती केली, की बेदरचा तास अर्धा कर आणि उरलेला वेळ मंगळवेढ्यात घालव, धान्य लुटले गेल्याची बातमी येते तिथे.

पुढच्या सप्ताहात त्याचे कीर्तन पाचव्या दिवशी आहे. मी ऐकायला बसणार आहे. ती मायही असते, बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून.